फुकटची राखण

वसंत व्याख्यानमालेला बहुतेक ठिकाणी तिकीट नसते. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ही प्रथा पडली आणि पुढे महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांनी ती उचलली. तेथे मांडवात येऊन बसणाऱ्याला कोणी पैसे मागत नाही. तरीही मांडवाचे भाडे, विजेचे बिल, वक्त्याचे जाणे-येणे यांचा खर्च होतोच, आणि तो कोणीतरी वर्गणी काढून भागवलेला असतो. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे असा एक न दिसणारा हिशेब असतो. तो हिशेब उलगडून दाखवणे हेच आम्हां कामगार संघटनेत काम करणाऱ्यांचे आयुष्यभराचे काम. म्हणून एका अगदी नव्या वस्तूच्या बाबतीत तो मांडून पाहण्याचे आम्ही योजले आहे.

ती वस्तू म्हणजे संगणकाचे अँटिव्हायरस. संगणक घेणारा माणूस यंत्राचे पैसे देतो, प्रिंटरचे देतो, महिन्याच्या महिन्याला इंटरनेटचेही देतो. पण अँटिव्हायरसचे वेगळे पैसे पडतील असे ऐकले की त्याच्या कपाळाला आठी पडते. "ते यातच टाकून द्या ना भाऊ," असे तो दुकानदाराला सांगतो. खामगाव, मलकापूर, चिखली, कोठेही जा, हे वाक्य ऐकू येते. आम्हीही ते म्हटलेले आहे. याला चिक्कूपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हजारो माणसे जेव्हा एकच अपेक्षा धरतात, तेव्हा तिच्यामागे स्वभाव नसतो, इतिहास असतो.

प्रथम आमचीच चूक सांगतो. २०१२ साली आमच्या युनियनच्या कचेरीत एक सेकंडहँड संगणक होता. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांचे काम हंगामी. त्या वेळी लागू असलेल्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन मिळे. म्हणून कोणी किती हंगाम भरले याची नोंद हीच त्याची म्हातारपणाची पुंजी. अशा दीडशेवर कामगारांच्या नोंदी आम्ही रात्री जागून त्या यंत्रात भरल्या होत्या. एके दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हबरोबर व्हायरस आत शिरला. यंत्रात अँटिव्हायरस होते. पण ते कोणीतरी फुकट टाकून दिलेले, चोरीच्या परवान्याचे, आणि वर्षभर अद्ययावत न झालेले. दुरुस्तीला आलेल्या मुलाने सगळे पुसून यंत्र चालू करून दिले. यंत्र चालू झाले, नोंदी गेल्या. पुढचे दोन महिने आम्ही हजेरीची कार्डे गोळा करीत गावोगाव फिरलो. बहुतेकांची मिळाली, काहींची उंदरांनी खाल्ली होती, आणि एका बाईंच्या अकरा हंगामांपैकी पहिले चार आम्हांला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाहीत. चार हंगामांचे अठ्ठावीस दिवसांचे वेतन! आम्ही वाचवले होते वर्षाचे काही शे रुपये. त्यांची किंमत भरली त्या बाईंनी, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

आता इतिहासाकडे वळू. वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतात. तो १९८६ साली लाहोरात जन्मला. बासित आणि अमजद फारूख अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला आणि त्यात आपले नाव-पत्ता व फोन नंबरही घातला. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही तयार केलेले वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअर लोक फुकट नकलून घेत होते, त्यांचा माग काढण्यासाठी आम्ही हे केले. म्हणजे या रोगाच्या मुळाशीच फुकटपणाचे भांडण होते. फ्लॉपीवरची नक्कल फुकट होई. त्या नकलेबरोबर व्हायरसही फुकट येई. जो रोग फुकट येतो त्याचे औषध विकत का घ्यावे, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

औषध काढणाऱ्यांनीही हीच समजूत दृढ केली. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी १९८७ साली धंदा सुरू केला. टेलिफोनच्या तारांवरून चालणारे संगणकी सूचनाफलक त्या काळी होते. त्यांवर त्यांनी आपले सॉफ्टवेअर मोकळे ठेवले. घरी वापरा, पसंत पडल्यास पैसे पाठवा. कंपन्यांकडून मात्र परवान्याचे शुल्क वसूल करावयाचे. घरी ज्याची सवय लागली तेच माणूस कचेरीत मागतो, हा त्यातला हिशेब. १९९२ साली 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस ६ मार्चला लाखो संगणक बिघडवणार अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात काही हजारच बिघडले, पण अँटिव्हायरसचा खप मात्र चांगला झाला.

प्राग शहरातली गोष्ट आम्हां सहकाराच्या मुलखातल्या माणसांना विशेष वाटेल. १९८८ साली पावेल बाउडिश या संशोधकाला 'व्हिएन्ना' हा व्हायरस सापडला आणि त्याने त्यावर उतारा लिहिला. तेव्हा चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट होती, खाजगी कंपनी काढणे शक्य नव्हते. म्हणून त्याने आणि एडुआर्ड कुचेरा याने सहकारी संस्था काढली. तिचे अँटिव्हायरस पुढे 'अव्हास्ट' या नावाने जगभर गेले. राजवट बदलली, सहकारी संस्थेची कंपनी झाली, स्पर्धा वाढली. आणि २००१ साली त्यांनी घरगुती वापरासाठी आपला माल फुकट देण्याचे ठरवले. एव्हीजीनेही त्याच सुमारास तसेच केले होते. गिऱ्हाइकाच्या डोक्यात 'फुकट' हा शब्द तेव्हापासून पक्का बसला. २००९ साली मायक्रोसॉफ्टने स्वतःचे अँटिव्हायरस मोफत दिले, पण विंडोज अस्सल असेल तरच. चोरीच्या विंडोजवर चालणारी आमच्याकडची पुष्कळ यंत्रे त्या दारातून परत फिरली. २०१२च्या विंडोज ८पासून तर ते यंत्राबरोबरच येऊ लागले. दाराबरोबर कुलूप यावे तसे.

आमच्या महाराष्ट्रातही हा धंदा उभा राहिला, आणि तो दुरुस्तीच्या टेबलावर उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि १९९३ साली 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक संगणकांचा रोग व्हायरसचाच असे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी तो काढण्याचे सॉफ्टवेअर लिहिले आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ते 'क्विक हील' या नावाने बाजारात आले. २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. शाळा अर्धवट राहिलेल्या माणसाने एवढे उभे केले याचा आम्हांसारख्या स्वतःच शिकलेल्यांना आनंद वाटतो. परंतु आमच्या प्रश्नाची एक किल्लीही येथेच आहे. गिऱ्हाइकाने हे औषध पाहिले ते दुरुस्तीवाल्याच्या हातात. त्याच्या लेखी पैसे दुरुस्तीचे. औषध म्हणजे तिचाच एक भाग. डॉक्टर तपासणीची फी घेतो आणि चार गोळ्या पुडीत बांधून देतो, त्या गोळ्यांचे वेगळे पैसे कोण देईल?

व्यापाराने लावलेली ही सवय इतक्या लवकर रुजली, कारण जमीन आधीच तयार होती. साथीपासूनचे संरक्षण विकत घ्यावयाचे असते, असे आपल्या लोकांना कधी शिकवलेच गेले नाही. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या १० जानेवारीला हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली, आणि परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. तेव्हापासून देवी काढणारा सरकारी माणूस दारात आला तो पैसे मागण्यास नव्हे. उलट त्याला पाहून लोक पळत, म्हणून प्रसंगी सक्ती करावी लागे. १९७५ साली देशातून देवीचा रोग गेला, तो कोणी बाजारातून लस विकत घेतली म्हणून नव्हे. माझ्या शेजाऱ्याने टोचून घेतले नाही तर माझे लेकरू धोक्यात, हे तत्त्व त्यामागे होते, आणि ते खरेच होते.

संगणकाचीही स्थिती तीच आहे. २०१७च्या जूनमध्ये 'पेट्या' या नावाने ओळखला गेलेला व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, आणि आमच्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अडून पडले. कोठले युक्रेन आणि कोठले न्हावाशेवा! ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता त्यांचाही माल तेथे खोळंबला. तेव्हा ही राखण सार्वजनिक असावी, असे लोकांना वाटते ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या मते ती एक रास्त जाणीव आहे.

चूक आहे ती दुसरीकडे. अँटिव्हायरस म्हणजे कुलूप, एकदा बसवले की झाले, असे आपण समजतो. ते कुलूप नव्हे. तो जागल्या आहे. नवे व्हायरस रोज निघतात. त्यांतला प्रत्येक पकडून, उघडून, त्याची खूण ओळखून यादीत घालावी लागते, आणि ती यादी तुमच्या यंत्रापर्यंत पोचवावी लागते. हे काम पुण्यात, प्रागमध्ये, अनेक शहरांत पाळीपाळीने बसलेली माणसे करतात. वस्तू एकदा विकता येते. पहाऱ्याला मात्र रोजचा रोज द्यावा लागतो. आमच्या कचेरीतला जागल्या वर्षभर झोपलेला होता, कारण त्याला कोणी रोज दिलाच नव्हता.

जागल्या हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वऱ्हाडात गावाची राखण जागल्या करी. तो बहुधा महार समाजातला असे. रात्री गस्त, दिवसा निरोप, आला-गेला पाहणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे, असे सारे त्याच्याकडे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य आणि दारोदारची भाकरी. गावाला वाटे, राखण फुकट होते. ती फुकट नव्हती; तिची किंमत एक जात पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मानाने आणि पोटाने भरत होती. शेजारच्या मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते हाच हिशेब उघड्यावर मांडण्यासाठी. काम आहे तर ठरलेला पगार द्या, ही त्यांची मागणी होती. त्या भागातली वतने कायद्याने गेली ती १९५८च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. जी राखण फुकट दिसते, तिची किंमत कोणीतरी दुबळा भरत असतो, हा धडा आपल्या मातीतलाच आहे.

आजच्या फुकट अँटिव्हायरसची किंमत कोणी भरली? २०२० साली उघडकीस आले की, अव्हास्टची 'जम्पशॉट' नावाची पोटकंपनी फुकट वापरणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती इतर कंपन्यांना विकत होती. बोभाटा झाल्यावर ती पोटकंपनी बंद केली गेली; २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. म्हणजे राखणदार घराची राखण करीत होता, आणि घरात कोण काय करते हे वेशीबाहेर सांगून पोट भरत होता. त्याला आपण रोज दिला नाही. त्याने तो आपल्याकडूनच, आपल्या नकळत, वसूल केला.

मग करावयाचे काय? युनियनमध्ये हा प्रश्न आम्हांला जुना आहे. वेतनवाढीचा करार झाला की ती वाढ वर्गणी देणाऱ्यालाही मिळते आणि न देणाऱ्यालाही. न देणारा म्हणतो, मला फुकट मिळाले. सगळेच असे म्हणू लागले की पुढचा करार होत नाही. म्हणून वाढ सर्वांना मिळावी, पण वर्गणीही सर्वांनी द्यावी, आणि वर्गणीचा हिशेब भिंतीवर लागावा, ही आमची पद्धत. राखणीलाही हीच लागू करावी. जे सर्वांच्या हिताचे आहे त्याचा खर्च करातून उघडपणे व्हावा. २०१७च्या २१ फेब्रुवारीला केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. संगणकात दडून बसलेले उपद्रवी सॉफ्टवेअर काढण्याची साधने तेथून मोफत दिली गेली, आणि त्यांतले एक पुण्याच्या क्विक हीलने पुरवले. ही वाट योग्य दिशेची आहे. देवीच्या लशीसारखी ती दारापर्यंत आली पाहिजे. जेथे ती पोचत नाही तेथे सहकारी संस्थांनी, पतपेढ्यांनी, शाळांनी एकत्र वर्गणी काढून परवाने घ्यावेत. आणि जेथे खाजगी कंपनी फुकट देते, तेथे एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: बाबा रे, तुझे पोट कशावर चालते?

आमच्या कचेरीच्या जमाखर्चात आता दरवर्षी 'संगणक राखण' अशी एक बाब असते. नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर कपाटात असते, आणि दुसरी कागदावर. वार्षिक सभेत एखादा नवा सभासद त्या रकमेवर बोट ठेवून विचारतोच, "हे तर फुकट मिळते ना?" त्याला आम्ही त्या बाईंच्या चार हंगामांची गोष्ट सांगतो. मग तो खर्च मंजूर होतो.