दुसऱ्या खुर्चीची निवडणूक

१९२१ साली दिल्लीत केंद्रीय विधानसभा भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सर फ्रेडरिक व्हाइट होते. ते ब्रिटिश पार्लमेंटचे माजी सदस्य. त्यांना व्हाइसरॉयने नेमले होते, कारण १९१९ च्या कायद्यानुसार पहिली चार वर्षे अध्यक्ष नेमलेलाच असणार होता. उपाध्यक्षाबाबत मात्र त्याच कायद्याने वेगळी तरतूद केली होती. तो सभागृहाचाच सदस्य असावा आणि सभागृहाने त्याला निवडावे. गव्हर्नर जनरलची मान्यता तेवढी लागेल. त्याप्रमाणे बिहारचे सच्चिदानंद सिन्हा निवडून आले. म्हणजे या देशाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सभासदांनी आपल्या मतांनी पहिल्यांदा भरलेली खुर्ची उपाध्यक्षाची होती. मोठी खुर्ची सरकारने स्वतःकडे ठेवली आणि धाकटी सभासदांना देऊन टाकली.

सरकारला ती बिनधोक वाटली असणार. पुढच्या शंभर वर्षांत ही निवडणूक कधी एकमताने झाली, कधी चुरशीने आणि कधी झालीच नाही. प्रत्येक वेळी खरा प्रश्न एकच होता: बहुमताला ही खुर्ची बिनधोक वाटते की नाही?

तिचे मूळ लंडनचे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या कॉमन्स सभागृहाला आपला अध्यक्ष राजाचा माणूस वाटे. पैशांचा विषय निघाला की सभागृह स्वतःचे रूपांतर समितीत करी. अध्यक्ष खुर्ची सोडून उठत आणि दुसराच सदस्य कामकाज चालवी. करांचे ठराव करणारी अशी समिती १६४१ पासून दिसते. तिचा प्रमुख हाच आजच्या उपाध्यक्षाचा पूर्वज. अध्यक्षावर भरवसा नव्हता, म्हणून ही दुसरी खुर्ची आली.

तरीही अध्यक्ष आजारी पडला तर काय, याचे उत्तर कॉमन्सकडे दोनशे वर्षे नव्हते. एकतर बैठक तहकूब करायची, नाहीतर नवा अध्यक्ष निवडायचा. १८५३ मध्ये सभागृहाने नियम करून त्या समितीच्या प्रमुखाला अध्यक्षाच्या गैरहजेरीत खुर्चीवर बसण्याची मुभा दिली आणि १८५५ च्या कायद्याने तिला बळ दिले. निवडणूक म्हणावी अशी मात्र तिथे काही नव्हती. सरकार नाव सुचवी, सभागृह मान डोलावी. ही रीत मोडली ती थेट २०१० मध्ये. खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यानंतर सुधारणांची लाट आली आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये गुप्त मतदानाने तीन उपाध्यक्ष निवडले गेले. अध्यक्ष ज्या बाजूचा, तिच्या समोरच्या बाजूचे दोन उपाध्यक्ष असावेत आणि चौघांत किमान एक स्त्री व एक पुरुष असावा, असे बंधन घातले गेले. त्यांतले लिंडसे हॉइल २०१९ मध्ये अध्यक्ष झाले.

म्हणजे उपाध्यक्ष खऱ्या अर्थाने निवडून आणण्यात दिल्ली लंडनच्या जवळजवळ नव्वद वर्षे पुढे होती. त्या निवडणुकीला वजनही लवकरच आले. व्हाइट यांची चार वर्षे संपली आणि २४ ऑगस्ट १९२५ रोजी अध्यक्षपदाची पहिली निवडणूक झाली. विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ मतांनी जिंकले. हरलेले उमेदवार होते विद्यमान उपाध्यक्ष टी. रंगाचारियर. दोन मते इकडची तिकडे झाली असती, तर धाकटी खुर्ची थोरलीची पायरी ठरली असती. पुढे ती तशी ठरलीही. मुहम्मद याकूब आणि षण्मुखम चेट्टी हे दोघेही उपाध्यक्ष होते आणि नंतर अध्यक्ष झाले.

प्रांतांमध्ये या पदाने आणखी एक दार उघडले. मद्रासच्या कायदेमंडळाने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांना उपाध्यक्षपदी निवडले. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांना उपाध्यक्ष केले आणि सिंधमध्ये जेठी सिपाहीमलानी यांना तो मान मिळाला. अध्यक्षपदासाठी स्त्रीचे नाव निघणे अवघड होते, त्या काळात उपाध्यक्षपदासाठी ते निघू शकले. यात औदार्य होते, तसा हिशेबही होता: द्यायचेच तर दुसरे पद द्यावे.

स्वतंत्र भारताने घटना लिहिली तेव्हा दोन्ही खुर्च्या एकाच वाक्यात आल्या. कलम ९३ सांगते, की लोकसभेने शक्य तितक्या लवकर आपल्या दोन सदस्यांना अनुक्रमे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडावे. राज्यांच्या विधानसभांसाठी कलम १७८ हेच सांगते. उपाध्यक्ष हा अध्यक्षाचा हाताखालचा माणूस नव्हे. तो थेट सभागृहाला बांधील असतो. अध्यक्ष राजीनामा देतात तो उपाध्यक्षाकडे आणि उपाध्यक्ष देतात तो अध्यक्षाकडे. लोकसभेत त्याची जागा अध्यक्षांच्या डाव्या हाताला, विरोधी बाकांच्या पहिल्या रांगेत असते.

निवडणुकीची पद्धतही साधी आहे. लेखी प्रस्ताव, त्याला अनुमोदन आणि उमेदवाराची संमती. प्रस्ताव ज्या क्रमाने मांडले जातात त्याच क्रमाने मताला टाकतात. एक संमत झाला की पुढचे मागे पडतात. बहुतेक वेळा एकच प्रस्ताव असतो आणि आवाजी मतदानाने काम उरकते.

हे पद कशासाठी असते, हे पहिल्याच लोकसभेत दिसले. १८ डिसेंबर १९५४ रोजी अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. मावळंकर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले, या कलेतले जाणते. पण स्वतःविरुद्धच्या ठरावावर कोणी स्वतः पंच होऊ शकत नाही. घटनेचे कलम ९६ ते होऊ देत नाही. खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार बसले आणि ठराव फेटाळला गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये मावळंकरांचे निधन झाले तेव्हा अय्यंगार अध्यक्ष झाले. त्यांच्या जागी काँग्रेसने आपला माणूस न बसवता अकाली दलाचे सरदार हुकम सिंग यांना निवडू दिले. लोकसभेत काँग्रेसचे बहुमत इतके भक्कम होते, की दुसरी खुर्ची समोरच्या बाकाला देण्यात तिला काही गमवावे लागत नव्हते.

तरी प्रथा लगेच रुजली नाही. १९६७ मध्ये निवडून आलेले रघुनाथ केशव खाडिलकर काँग्रेसचेच होते. नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी जुलै १९६९ मध्ये अध्यक्षपद सोडले, तेव्हा नवा अध्यक्ष येईपर्यंत सभागृह महाराष्ट्राच्या या खासदाराने सांभाळले. पुढे १९८० च्या दशकात हे पद द्रमुक आणि अण्णाद्रमुक या काँग्रेसच्या मित्रपक्षांकडे गेले. खऱ्या अर्थाने ते विरोधकांचे झाले १९९० पासून. त्या वर्षी लातूरचे शिवराज पाटील उपाध्यक्ष झाले. सरकार विश्वनाथ प्रताप सिंहांचे होते आणि पाटील काँग्रेसचे. पुढच्याच वर्षी काँग्रेसचे सरकार आले आणि भाजपचे मल्लिकार्जुनय्या निवडून आले. मग सूरज भान, पी. एम. सईद, चरणजितसिंग अटवाल, करिया मुंडा. पक्ष बदलत राहिले, पण दुसरी खुर्ची समोरच्या बाकाकडे जात राहिली. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा काँग्रेसचे सईद यांनीच मनोहर जोशी निवडून येईपर्यंत वाजपेयी सरकारच्या काळातले सभागृह चालवले. यामुळे सरकारचे काही बिघडले नाही.

हे सगळे प्रथेवर चालले होते आणि प्रथेला तारीख नसते. अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात. उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख लोकसभेच्या आठव्या नियमानुसार अध्यक्ष ठरवतात. त्यांनी ती ठरवलीच नाही तर काय, यावर नियम गप्प आहे. २०१४ मध्ये अण्णाद्रमुकचे थंबीदुराई निवडून आले. २०१९ मध्ये सतरावी लोकसभा आली आणि आपली संपूर्ण मुदत उपाध्यक्षाविना संपवणारी पहिली लोकसभा ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि पाच राज्यांना याबद्दल नोटीस काढली. जून २०२४ मध्ये उपाध्यक्षपद देण्याचा शब्द मिळेना, म्हणून विरोधकांनी थेट अध्यक्षपदासाठी के. सुरेश यांना ओम बिर्ला यांच्यासमोर उभे केले. धाकट्या खुर्चीवरून थोरलीची एरवी बिनविरोध होणारी निवडणूक लढतीची झाली.

सत्तेला ही खुर्ची आता बिनधोक का वाटत नाही, याचे उत्तर मुंबईत सापडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. नवी निवडणूक व्हावी म्हणून आघाडी सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी तारीख दिली नाही. त्यामुळे दिंडोरीचे नरहरी झिरवाळ उपाध्यक्ष म्हणून सभागृह चालवत राहिले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा बजावण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. बंडखोरांनी उलट त्यांनाच हटवण्याची नोटीस दिली. असा ठराव प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेचा निकाल देऊ नये, असे नबाम रेबिया प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते. न्यायालयाने आमदारांना मुदत वाढवून दिली, तेवढ्यात सरकार पडले. ३ जुलै रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. ती निवडणूक झिरवाळांनीच घेतली.

पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या कायद्याने पीठासीन अधिकाऱ्याच्या हाती सरकारचे भवितव्य दिले आणि अध्यक्ष नसेल तर ते उपाध्यक्षाच्या हाती येते. शिवाय आपल्याकडचा उपाध्यक्ष पक्ष सोडत नाही. कॉमन्सचे उपाध्यक्ष पदावर असेपर्यंत मतदानापासून आणि पक्षाच्या वादांपासून दूर राहतात. झिरवाळांनी मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये, उपाध्यक्ष असतानाच, आदिवासी आरक्षणाच्या प्रश्नावर मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उडी मारली होती. असा माणूस समोरच्या पक्षाचा असेल तर बहुमताला धास्ती वाटणे समजण्यासारखे आहे.

पण धास्ती हे खुर्ची रिकामी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याच मुंबईत विधान परिषदेचे सभापती रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे निवडून येईपर्यंत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवले. दुसरी खुर्ची भरलेली होती म्हणून पहिली रिकामी राहूनही काम थांबले नाही. लोकसभेत उपाध्यक्ष नसताना अध्यक्षांनी नेमलेल्या तालिकेतले सदस्य कामकाज चालवतात. त्यांना अध्यक्षांनी नेमलेले असते, सभागृहाने निवडलेले नसते. १९२१ मध्ये सभासदांना जे मिळाले होते, ते असे हातचे सुटते.

उपाय सोपा आहे. अध्यक्ष निवडल्यापासून ठरावीक दिवसांत उपाध्यक्ष निवडलाच पाहिजे, असे नियमात लिहावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही; लोकसभा आपले नियम स्वतः करते आणि स्वतः बदलते. तो बदल करायलाही बहुमतच लागते, आणि तारीख न ठरल्याने सोय होते ती बहुमताचीच.