तटकरे, अदिती

तटकरे, अदिती सुनील : (१९८८– ). रायगड जिल्ह्यातील राजकारणी, श्रीवर्धनच्या आमदार आणि महाराष्ट्राच्या महिला व बालविकासमंत्री. वडील सुनील तटकरे २०१९पासून रायगडचे खासदार. घराण्याचा वारसा उघडच आहे. पण पाच वर्षांत तीन मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळांत शपथ घेणे केवळ वारशाने जमत नाही.

२०१७मध्ये त्या रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. २०१९मध्ये विधानसभेवर निवडून आल्या आणि ३० डिसेंबरला उद्धव ठाकरे सरकारात राज्यमंत्री. पाठोपाठ रायगडचे पालकमंत्रिपद आले आणि संकटांची रांगच लागली : निसर्ग वादळ, महाडच्या तारिक गार्डन इमारतीची दुर्घटना (२४ ऑगस्ट २०२०), पुढच्या जुलैत सावित्री नदीचा पूर, तळियेची दरड, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी.

महाड-पोलादपूरचे शिवसेना आमदार भरत गोगावले यांना हे पालकमंत्रिपद पहिल्यापासूनच खुपत होते. जून २०२२मध्ये त्यांनी एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटी गाठली आणि ते त्या गटाचे प्रतोद झाले. ठाकरे सरकार पडले, शिंदे मुख्यमंत्री झाले, तटकरे विरोधी बाकांवर गेल्या. वर्षभरातच, २ जुलै २०२३ रोजी, राष्ट्रवादीतून फुटलेल्या अजित पवारांसोबत त्यांनी शिंदे सरकारात शपथ घेतली. त्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या महिला. ज्यांच्याशी उभा दावा, त्यांच्याच सत्तेत मांडीला मांडी लावून बसणे आले!

त्यांच्या महिला व बालविकास खात्यातून २०२४मध्ये दरमहा १,५०० रुपयांची ‘लाडकी बहीण’ योजना आली. कागदपत्रांवर नावानंतर आधी आईचे नाव लावण्याचा नियमही त्याच वर्षीचा. मंत्रालयात दालनाबाहेरच्या पाटीवर मग ‘अदिती वरदा सुनील तटकरे’ असे नाव आले.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्र्यांचा शपथविधी झाला. या वेळी गोगावलेही मंत्री झाले आणि जुने भांडण एकाच मंत्रिमंडळात शिरले. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांच्या यादीत रायगडपुढे तटकरे यांचे नाव आले. त्यानंतर महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर टायर पेटले, गोगावले समर्थकांनी रस्ता अडवला आणि दुसऱ्या दिवशी रात्री नेमणुकीला स्थगिती मिळाली. आठवड्याने, २६ जानेवारीला, अलिबागचे झेंडावंदन तटकरे यांनीच केले. पालकमंत्रिपद तेव्हाही रिकामेच होते.