आवड मोजणाऱ्या याद्या

ऑनलाइन चित्रपट किंवा व्हिडिओ पाहायला बसले की पुढ्यात येणारी यादी प्रत्येकाची वेगळी असते. आपण काय पाहिले, काय अर्धवट सोडले, यावरून ती शिकत असते. तिचा इतिहास बहुधा गणिताच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: संगणक वेगवान झाले, सूत्रे सुधारली आणि यंत्राला माणसाची आवड नेमकी कळू लागली. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या तीसेक वर्षांतली खरी वळणे वेगळ्याच प्रश्नावर आली आहेत. माणसाची आवड कशावरून ओळखायची, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर यंत्राने कधीच दिलेले नाही. प्रत्येक वेळी ते माणसांनी, आपापल्या गरजेनुसार ठरवले आहे.

सुरुवात मनोरंजनातून झाली नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ई-मेलचा पूर आवरण्यासाठी ‘टॅपेस्ट्री’ ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यावरचा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्याने मजकुरावर शेरा नोंदवायचा आणि इतरांनी त्या शेऱ्यांच्या आधारे आपल्यापुरते निवडून घ्यायचे, अशी तिची रीत होती. कोणाच्या शेऱ्यावर भिस्त ठेवायची, हे मात्र वाचकालाच सांगावे लागे. १९९४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटी येथील संशोधकांच्या ‘ग्रुपलेन्स’ने तेही काम यंत्राकडे सोपवले. यूजनेट या ऑनलाइन चर्चामंचावरच्या मजकुराला वाचक १ ते ५ गुण देत, आणि ज्यांचे गुण आपल्याशी जुळत त्यांच्या मताला यंत्र आपल्यासाठी अधिक वजन देई. त्याच वर्षी जपानमध्ये मोरिता आणि शिनोदा यांनी दाखवून दिले की एखाद्या मजकुरावर वाचक किती वेळ रेंगाळतो, यावरूनही त्याची आवड ओळखता येते. म्हणजे विचारून घेण्याची वाट आणि न विचारता टिपून घेण्याची वाट, दोन्ही एकाच वेळी मोकळ्या होत्या. कोणती धरायची, हे गणितातून निघणारे नव्हते.

नेटफ्लिक्सने पहिली वाट धरली, कारण तिला दुसरी उपलब्धच नव्हती. कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवत असे. तबकडी घरी गेल्यावर ती पाहिली गेली की तशीच पडून राहिली, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून २००० साली आलेली ‘सिनेमॅच’ ही शिफारस-यंत्रणा ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर चाले. नव्या चित्रपटांच्या मोजक्या प्रतींवर उड्या पडत असताना जुन्या चित्रपटांकडे ग्राहक वळवणे, हाही तिचा उपयोग होता. शिफारस ही पहिल्यापासून दुकानाचीही सोय होती. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने सिनेमॅचचे अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुण स्पर्धकांपुढे ठेवले. सप्टेंबर २००९ मध्ये बक्षीस दिले गेले. पण शेकडो सूत्रांची मोट बांधणारी ती विजयी पद्धत जशीच्या तशी कधी वापरात आली नाही. ती बसवण्याच्या खटाटोपाच्या मानाने लाभ थोडा होता, आणि दरम्यान, २००७ पासून, चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागले होते. आता कोण कुठे थांबला, कुठे उठून गेला, हे आपोआप नोंदले जात होते. प्रेक्षक किती तारे देईल, या प्रश्नाचे महत्त्वच ओसरले. २०१७ मध्ये तारे गेले आणि त्यांच्या जागी अंगठा आला.

यूट्यूबचा अनुभव याहून बोलका आहे. केवळ क्लिक मोजल्या तर फसव्या चित्रांची आणि भडक शीर्षकांची चलती होते, हे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये कंपनीने पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. तिच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, अंगठ्याची सोय असूनही यंत्राला शिकवण्यासाठी प्रत्यक्ष पाहण्याच्या नोंदी वापरल्या जात, कारण त्या कितीतरी पटींनी अधिक मिळत. आणि क्रम लावताना अंदाज केला जाई तो अपेक्षित पाहण्याच्या वेळेचा.

यावर एक सबळ आक्षेप आहे. माणूस सांगतो एक आणि करतो दुसरेच. गंभीर माहितीपट यादीत घालून ठेवतो आणि संध्याकाळी हलकाफुलका विनोदी चित्रपट लावतो. मग कृतीच अधिक प्रामाणिक नव्हे का? शिवाय विचारले तरी उत्तर देणारे थोडेच असतात. विविध भारतीच्या फर्माइशींत झुमरी तलैया हे गाव गाजले ते तिथले श्रोते चिकाटीने पत्रे पाठवत म्हणून. हा आक्षेप मानायलाच हवा. सांगितलेली आवड अपुरी असते. पण केलेली कृतीही स्वतंत्र नसते. जे यादीत दाखवलेच नाही, ते पाहिले जाण्याची शक्यता फार थोडी, आणि एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होत असेल तर त्या मिनिटांना निवड म्हणणे कठीण आहे. रमलेला प्रेक्षक आणि उठवत नाही म्हणून बसून राहिलेला प्रेक्षक यांची नोंद सारखीच होते. हे कंपनीलाही उमगले: पाहिलेल्या व्हिडिओने समाधान झाले का, असे यूट्यूब पुढे प्रेक्षकांना विचारू लागले आणि त्यासाठी पुन्हा १ ते ५ तारे आले. जानेवारी २०१९ मध्ये नियमभंगाच्या सीमारेषेवरच्या, दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंची शिफारस कमी करण्याचे तिने जाहीर केले, तेही आकड्यांनी आपणहून सांगितले म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप असा की व्हिडिओंच्या या महापुरात कोणते तरी माप लावल्यावाचून गत्यंतर नाही. खरे आहे. पण माप अटळ आहे म्हणून अमुकच माप अटळ ठरत नाही. तारे, क्लिक, मिनिटे, समाधान अशी ती बदलत आली, आणि दर बदलाबरोबर कोणत्या निर्मात्याचे काम पुढे येईल, हेही बदलले. म्हणून यादी किती हुशार आहे, यापेक्षा ती काय मोजते आणि ते कोणाच्या हितासाठी, हे विचारणे आपल्याला अधिक उपयोगाचे आहे. ते माप उघडपणे सांगितले गेले पाहिजे. आणि प्रेक्षकाने विचारपूर्वक ‘हे मला नको’ म्हटले, तर त्या एका शब्दाचे वजन त्याच्या नकळत टिपलेल्या मिनिटांपेक्षा जास्त असले पाहिजे. तसे करणे तंत्राला अशक्य नाही. आजवरच्या प्रत्येक मापासारखा तोही माणसांनी घ्यायचा निर्णय आहे.