चिमुकल्या सैन्यांचे अर्थकारण

टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, टेपने इंच मोजत ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा, हा हौशी मंडळींचा फावल्या वेळचा उद्योग. त्यात अर्थशास्त्राने डोकावावे असे काय आहे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये याच खेळावर उभी असलेली गेम्स वर्कशॉप ही इंग्रज कंपनी लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० या निर्देशांकात बँका आणि तेलकंपन्यांच्या पंगतीला जाऊन बसली. या क्षेत्राची ओळख करून घ्यायला एवढे निमित्त पुरेसे आहे.

कंपनीची सुरुवात १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी केली. आधी लाकडी पट बनवणे, मग ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाची विक्री, असा तिचा प्रवास होता. १९७९ मध्ये मूर्ती ओतणारी सिटाडेल ही शाखा निघाली, १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ आले. दुसऱ्याचा माल विकणारे दुकान अशा रीतीने मूर्ती, नियम आणि कथा या तिन्हींचे मालक झाले. पुढच्या भरभराटीचे मूळ या मालकीत आहे.

वाचकांनी अभ्यासाची सुरुवात साच्यापासून करावी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत इंजेक्शन मोल्डिंग पाहिलेल्यांना हे गणित चटकन उमगेल. पोलादी साचा घडवायला मोठी रक्कम लागते. तो एकदा तयार झाला की पुढच्या प्रत्येक नगाला प्लास्टिक लागते ते नावापुरते. म्हणून साचा वर्षानुवर्षे राबला पाहिजे आणि त्यासाठी गिऱ्हाइकाची आवडही टिकली पाहिजे. मूर्ती सुट्या भागांत मिळते. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यामुळे एका खोक्यामागोमाग रंग, कुंचले आणि नियमांची पुस्तके येतात. काही वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती निघते आणि खरेदीचे चक्र पुन्हा फिरते. किमतींबद्दल खेळाडू कुरकुरतात, तरी सैन्य वाढवत राहतात.

त्यानंतर दुकानाकडे वळावे. कंपनीची कित्येक दुकाने एकटा माणूस चालवतो. नवख्याच्या हातात कुंचला देऊन पहिला सैनिक रंगवून घेणे हा त्याच्या विक्रीचाच भाग असतो. जाहिरातीवर होणारा खर्च इथे शिकवण्यावर होतो.

मात्र एकाच कंपनीवर थांबू नये. वॉरलॉर्ड गेम्स, मँटिक आणि पेरी मिनिएचर्स हे व्यवसाय गेम्स वर्कशॉपमध्ये पूर्वी काम केलेल्यांनी, तिचे मुख्यालय आता जिथे आहे त्या नॉटिंगहॅम परिसरात उभे केले. कसबी माणसे एका गावात साठली की धंद्याला कशा फांद्या फुटतात, याचा हा चांगला दाखला आहे. दुसरीकडे, घरगुती थ्रीडी प्रिंटरने साच्याची मक्तेदारी सैल केली आहे. मूर्ती घरी छापता येत असेल, तर गिऱ्हाईक पैसे नेमके कशाचे मोजणार, हा या क्षेत्रापुढचा आजचा मोठा प्रश्न आहे.

खेळाचे नियम येत नाहीत म्हणून तुम्ही बिचकू नका. कंपनीचे वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुले आहेत आणि सोप्या भाषेत लिहिलेले आहेत. त्यातला एक आधी वाचा. फासे नंतर टाकले तरी चालतील.