आर्मेनियन नातवंडे आणि आजीची गोष्ट

मुंबईच्या फोर्ट भागात नोकरी केलेल्या आपल्यापैकी काहींना मेडोज स्ट्रीटवरचे आर्मेनियन चर्च आठवत असेल. ते १७९६ सालचे. हे व्यापारी लोक इराणमार्गे येऊन सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता असे पसरले होते. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले तेही मद्रासला, १७९४ मध्ये! इथे अमेरिकेत मात्र आर्मेनियन माणूस आपल्याला भेटतो तो शेजारी म्हणून, नाहीतर मुलांच्या वर्गमित्राचा बाप म्हणून. आडनाव ‘यान’वर संपले की ओळखावे. आपल्या ‘कर’सारखेच ते.

या लोकांचा इथला इतिहास आपण मराठी मंडळींनी जरूर वाचावा असे आम्हांला वाटते, कारण ते आपल्या दोन पिढ्या पुढे आहेत. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. १९२५ मध्ये ओरेगनच्या कोर्टाने कार्टोझियन खटल्यात आर्मेनियनांना मात्र ‘गोरे’ मानले. आपण मोठ्या संख्येने आलो ते १९६५ च्या कायद्यानंतर. तोवर त्यांची नातवंडे कॉलेजात पोचली होती.

अर्थात आपण आलो ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी. त्यांच्यातले पुष्कळजण जीव वाचवून आले. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक आणि पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतर ऑटोमन राज्यातल्या गावोगावच्या आर्मेनियनांची कत्तल झाली, उरलेल्यांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलले. मेलेल्यांचा आकडा १० ते १५ लाख सांगतात. वाचलेली मुले अनाथाश्रमांतून, अलेप्पो-बैरूतमार्गे बोस्टन, फ्रेस्नोपर्यंत आली. त्यांनी संसार केले, दुकाने थाटली, आणि पाहिलेले बहुधा मनातच ठेवले. मुलांना कशाला सांगायचे?

मुलांनाही ऐकायची घाई नव्हती. त्यांना चारचौघांसारखे व्हायचे होते. याचा नामांकित नमुना इंग्लंडातला. दिक्रान कुयुमजियान हा मायकेल आर्लेन झाला आणि १९२४ च्या ‘द ग्रीन हॅट’ कादंबरीने गाजला. (कुयुमजी म्हणजे तुर्कीत सोनार.) घरी आर्मेनियन विषय तो टाळतच असे. वडिलांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, चाळिशी ओलांडलेला त्याचा मुलगा शोध घेत आर्मेनियात गेला आणि १९७५ मध्ये ‘पॅसेज टू अरारात’ हे पुस्तक आले. न्यू जर्सीत वाढलेल्या कवी पीटर बालाकियानचेही तेच. आजी लहानपणी गोष्टी सांगायची, स्वप्ने सांगायची. त्यांचा अर्थ त्याला लागला तो मोठेपणी. आजीने तुर्की सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा केला होता, हे तिच्या पश्चात कागद हाती आल्यावर कळले. त्याचे पुस्तक १९९७ चे, ‘ब्लॅक डॉग ऑफ फेट’. आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या हाती द्यावे असे आहे.

वारे फिरले ते १९६५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी. सोव्हिएत राजवटीतल्या येरेवानमध्येही हजारो लोक रस्त्यावर उतरले. आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळ एन्सिनोला अमेरिकेतली पहिली पूर्णवेळ आर्मेनियन शाळा निघाली होती.

पण आमच्या मते खरे काम झाले ते स्वयंपाकघरांतून. रिचर्ड होव्हानिसियान हे कॅलिफोर्नियात टुलारे या शेतीच्या गावी १९३२ मध्ये जन्मले. वडील कत्तलीतून वाचलेले. आपली भाषा नीट यावी म्हणून हा तरुण बैरूतला जाऊन शिकला, आणि पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अभ्यास नेमून दिला तो असा: टेपरेकॉर्डर घ्या आणि वाचलेल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसा. कुठले गाव, घरात कोण कोण होते, कुठल्या वाटेने चालवत नेले, सगळे विचारा. जे सख्ख्या मुलांना सांगितले नव्हते ते या विशी-बाविशीतल्या पोरांना सांगितले गेले. अशा हजारावर मुलाखती जमल्या. (आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा दुपारभर टीव्हीसमोर बसतात, तेव्हा आम्हांला या टेपरेकॉर्डरची आठवण होते.)

एक मोठा फरक मात्र आहे. आपली मुले ठरवले तर सुटीत साताऱ्याला, सावंतवाडीला आजीच्या घरी जाऊन येतात. त्यांच्या आजीचे खारपर्ट, वान, मराश आज तुर्कस्तानात. १९९१ पासून स्वतंत्र आर्मेनिया आहे, तरुण मुले तिथे स्वयंसेवक म्हणून हौसेने जातात, पण तिथली बोली पूर्वेकडची. घरी ‘दिक्रान’ म्हणून हाक ऐकलेला मुलगा येरेवानमध्ये ‘तिग्रान’ होतो. अक्षरे तीच, उच्चार वेगळा! आजीची पश्चिम आर्मेनियन युनेस्कोने २०१० मध्ये धोक्यातल्या भाषांत घातली.

होव्हानिसियान २०२३ मध्ये गेले. मुलाखतींचा संग्रह त्यांनी २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्याच शोआ फाउंडेशनकडे सोपवला. टेप घेऊन गेलेले विद्यार्थी आता स्वतःच आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्या नातवंडांना पणजीचा आवाज ऐकायला मिळतो. ती काय म्हणते ते मात्र बऱ्याच जणांना दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागते.