गरी आणि मत्स्यविनोद

मराठी माणूस आर्जव करतो तेव्हा तो 'गळ घालतो', फसतो तेव्हा 'गळाला लागतो', आणि निवडणुका जवळ आल्या की त्याला 'आमिष' दाखवले जाते. भाषेने गळ असा जपून ठेवला; ग्रंथांनी मात्र तो जवळजवळ टाकूनच दिला. पेडणे आणि डिचोली महालांत ज्याला गरी म्हणतात तो आकडा कोणत्या माशासाठी कसा निवडावा, तंगुसाला कसा बांधावा, त्यावर काय लावावे, ही विद्या हातांतून हातांत गेली. कागदावर फारशी आली नाही.

एकदा ती आली होती, हे आपण विसरलो आहोत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' शके 1051च्या सुमाराचा. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींचा हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे तो मुख्यतः गीतविनोदातील मराठी पदांमुळे. त्यांतील सर्वांत चर्चिलेले पद मत्स्यावताराचे आहे. गंमत अशी की, त्याच विंशतीत 'मत्स्यविनोद' हा गळाने मासे धरण्यावरचा अध्याय आहे आणि मत्स्यावताराच्या पदावर पाने खर्ची घालणाऱ्या आम्हां मंडळींना खऱ्या माशांकडे वळावेसे क्वचितच वाटले. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणते खाद्य घालून माणसाळवावे, आणि मग काठी, दोरी व बडिश म्हणजे गळ, असा राजाचा क्रम आहे. या अध्यायाची प्राणिशास्त्रीय छाननी सुंदरलाल होरा यांनी 1951 साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केली. 2005 साली नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी त्यातील मत्स्यविषयक भाग पुन्हा अभ्यासला. दोन्ही लेखन इंग्रजीत.

हा ग्रंथ आमच्या नद्यांपासून दूरचा म्हणावा, तर तसेही नाही. सोमेश्वराची बहीण मैलालदेवी ही गोव्याच्या कदंब राजाची, दुसऱ्या जयकेशीची राणी. कदंबांचे दैवत सप्तकोटीश्वर मुळात दिवाडी बेटावरचे. डिचोली महालातील नार्वे येथील त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली करविला. त्या देवळापासून नदी दूर नाही, आणि नदीकाठी गरी टाकून बसलेला माणूस आजही दिसतो.

सोमेश्वराचे आमिष खरे, खाण्याजोगे आहे. खोट्या आमिषाची कथा पश्चिमेकडची. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील ईलियन सांगतो की, मॅसिडोनियातील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधतात आणि मासे ती माशी समजून धरतात. इंग्लंडात 1496 साली छापल्या गेलेल्या गळविद्येच्या प्रबंधात अशा बारा माशांची कृती आहे. सुई निखाऱ्यात लाल करून, थंड झाल्यावर सुरीने काटा उचलून, पुन्हा तापवून वाकवावी आणि पाणी द्यावे, ही गळ घडविण्याची रीतही तेथेच.

या परंपरेचे दूरचे टोक म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा स्टीलहेड. हा ट्राउटचाच प्रकार. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा नदीत येतो. परतीच्या वाटेवर तो फारसे खात नाही, तरी डोळ्यांपुढून गेलेल्या रंगीत वस्तूवर झडप घालतो. त्यासाठी गळ जाड तारेचा घेतात. आकड्यांची गणती उलटी आहे: आठपेक्षा दोन क्रमांकाचा गळ मोठा. साधी माशी बांधणे कठीण नाही. नेढ्यामागून दोरा गुंडाळीत बाकापर्यंत न्यावा, शेपटीला पिसाचे चार तंतू बांधावेत, लोकरीने अंग भरावे, त्यावर जरीचे वेढे द्यावेत, पुढे कोंबड्याचे पीस फिरवावे, वर केसांचा पंख बसवून डोक्याशी गाठ मारावी आणि तिला रोगण लावावे. गढूळ पाण्यात काळा रंग बरा, कारण खालून पाहणाऱ्याला आकृती उठून दिसते.

आमच्याकडचा चोणक याच्या नेमका उलट. तो नदीत, खाजनात वाढतो आणि अंड्यांसाठी खाली मुखाकडे जातो. उमेदीत नर, पुढे मादी. त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी. बारीक तंगूस ती सहज कापते. म्हणून गरीपाशी वीतभर तार, गरी जाड, आणि तिच्यावर जिवंत सुंगट, मरणार नाही अशा बेताने टोचलेले. जागा मानशीच्या तोंडाची, वेळ पाणी फिरण्याची. नेढ्याऐवजी चपट्या टोकाची गरी असेल, तर दांड्यावर तंगुसाचे वेढे देऊन गाठ आवळायची आणि चपटे टोक ती निसटू देत नाही. ही गाठ आणि स्टीलहेडच्या माशीची शेवटची गाठ मुळात एकच आहे, हे आम्हांला बांधून पाहिल्यावरच कळले.

तेरेखोलच्या काठावर आम्ही आमची पांढऱ्या पिसाची माशी एका वृद्ध गरवणाऱ्याला दाखविली. "बाब, हें पीस मासो कित्याक खातलो?" त्यांनी विचारले. आम्ही स्टीलहेडची हकीगत सांगितली. त्यांनी माशी उलटीसुलटी करून पाहिली, पिसाकडे दुर्लक्ष केले आणि गाठीवर नख ठेवले: ती सैल होती. दोन वेढे वाढवून त्यांनी ती पुन्हा बांधून दिली.

राजाचा अध्याय 'विनोद' आहे. मासा लागला नाही तरी राजा उपाशी राहत नव्हता. काठावरच्या माणसाला ती मोकळीक नव्हती, आणि म्हणूनच त्याचे ज्ञान अधिक काटेकोर असणार, असे आम्हांला वाटते. डिचोलीकडे खाणींच्या गाळाने पाणी बदलले, कित्येक ठिकाणी खाजनांचे बांध फुटले. जागाच गेली की तिथली गरी, तिथली वेळ आणि तिथला शब्दही जातो. आमच्या वहीत आजवर गरी, तंगूस, मानस, सुकती अशा शब्दांसमोर गावाचे नाव आणि माशाचे नाव एवढेच लिहिले होते. तेरेखोलहून परतल्यावर तिथे गाठीसाठी एक रकाना वाढविला आहे. त्या वृद्धांनी बांधलेल्या गाठीला ते काय म्हणतात, हे विचारायचे मात्र राहून गेले. तो रकाना अजून कोरा आहे.