पक्षाघात : विश्रांति आणि हालचाल

खानदेशांत काय किंवा देशावर काय, पक्षाघाताला घरोघर ‘अंगावरून वारें गेलें’ असें म्हणतात. आणि अशा माणसाला स्वस्थ निजवून ठेवावें, ही समजूतहि जुनी आहे. तिचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

इ. स. १८८८ च्या मे महिन्यांत मुंबईस जोतीराव फुले यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षीं त्यांस पक्षाघात होऊन उजवें अंग लुळें पडलें. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले. जोतीरावांनीं डाव्या हातीं लेखणी धरून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरें केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ सालीं, प्रसिद्ध झालें. पक्षाघातानें कर्तृत्व संपत नाहीं, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग रोग्याला अंथरुणाशीं जखडण्याची चाल पडली कशी? सुश्रुतसंहितेंत तर ज्याचे अवयव सुकलेले नाहींत असाच पक्षाघाताचा रोगी चिकित्सेस योग्य मानला आहे. परंतु १८६३ सालीं इंग्लंडांत जॉन हिल्टन या शस्त्रवैद्याचा विश्रांतीचा महिमा सांगणारा ग्रंथ निघाला, आणि अंथरूण हेंच औषध मानणारा संप्रदाय बळावला. त्याची किंमत रोग्यांनीं दिली. पडून राहिल्यानें स्नायु झिजतात, सांधे आखडतात, पायांच्या शिरांत रक्त गोठतें, छातींत कफ सांठतो, पाठीला क्षतें पडतात. १९४७ सालीं डॉ. रिचर्ड आशर यांनीं या धोक्यांवर खरमरीत लेख लिहिला. मुंबईस १९५५ सालीं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. रोग्याला पुन्हां उभें करणें हेंहि वैद्यकाचेंच काम ठरलें.

पुढें मात्र लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. जितक्या लवकर व जितकें अधिक चालवावें तितकें बरें, असें वाटूं लागलें. पांच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रोग्यांवर याची परीक्षा झाली; निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांतच वारंवार व पुष्कळ वेळ उठविलेल्यांपैकीं शेंकडा ४६ रोगी तीन महिन्यांनीं स्वावलंबी होते. नेहमीच्या बेताच्या पद्धतीनें उठविलेल्यांपैकीं शेंकडा ५०. थोडा थोडा वेळ, पण अनेकदां हालचाल करविणें हितकर, असें त्याच माहितीच्या पुढील छाननींत दिसलें.

१९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. धुळ्यास १९८९ सालीं व जळगांवास २०१८ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवाहून तेथवर पोहोंचण्यास वेळ लागतोच. आणि रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. म्हणून तोंड वांकडें झालें, हात गळला, वाणी अडखळली, कीं घरगुती उपायांत घटका दवडूं नये.

नंतरचें काम घरच्यांचेंहि आहे. डॉक्टरांनीं अनुज्ञा देतांच रोग्याला आधी बसवावें, मग उभें करावें, मग चालवावें. लुळा हात धरून ओढूं नये. त्यानें खांदा दुखावतो. विश्रांति औषध आहे खरी. पण मात्रा चुकली कीं औषधाचेंहि विष होतें, आणि हालचालीलाहि हाच न्याय लागूं आहे.